नाकाने दिलेला होकार

आमच्या दुकानात मोबाईल नाकाने चालवतात. हसू नका. खाटकाच्या दुकानात गिऱ्हाईक असेपर्यंत कोणाचाच हात कोरडा नसतो. रक्त असतं, चरबी असते, आणि चरबीच्या बोटाला ती काच दाद देत नाही. म्हणून मोबाईल पारदर्शक पिशवीत घालून मांस तोडायच्या ओंडक्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला. घंटी वाजली की माझा मुलगा सुरा खाली न ठेवताच मान पुढे काढतो आणि नाकाच्या शेंड्याने बटण दाबतो. तिकडून हॉटेलवाला ओरडत राहतो आणि इकडे हा हो-हो करत बरगड्या फोडतो. मुलाला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती तो जन्मात खेळलेला नाही. पण आख्खी सोललेली मेंढी खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत जिना चढतो, म्हणून.

माझी भाची आमच्याकडे आली तेव्हा तोंडाला रुमाल बांधून आली. भाची म्हणजे सख्ख्या बहिणीची नव्हे. तिची आई आणि मी तरुणपणी कत्तलखान्यात एकाच हौदावर आतडी धुवायचो. गुडघाभर पाण्यात उभं राहून जे नातं जुळतं ते पुढे तुटत नाही. तिने मला बहीण मानलं, मी तिला. ती लवकर गेली. आमचं हे नातं कुठल्या कागदावर नव्हतं, आणि भाचीच्या नवऱ्याला आमचं नावगावही ठाऊक नव्हतं. सख्खे सगळे सोडून ती माझ्याच दारात उभी राहिली ती त्यासाठीच.

रुमाल सोडला तर पुढचे दात नव्हते. खालचा ओठ फाटून सुजलेला, जीभ चावली गेलेली. नवरा फरश्या बसवणारा. फरशी ठोकायची रबरी हातोडी असते, तिनेच मारलं होतं.

"फरशी फुटू नये म्हणून मऊ ठेवतात ती, मावशी," ती बोबडं बोलली. "दाताला काही मऊ लागत नाही."

कारण विचारलं तर म्हणाली, अंगठा. ती झोपली की नवरा तिचा अंगठा धरून तिच्या मोबाईलला टेकवायचा, मोबाईल उघडायचा आणि तिने कोणाला काय लिहिलं ते वाचत बसायचा. सकाळी चहा पिताना त्यातलंच एखादं वाक्य तिला ऐकवायचा. एकदा तिने ती अंगठ्याची खूणच काढून टाकली. रात्री अंगठा टेकवून मोबाईल उघडेना. सकाळी चहाऐवजी हातोडी आली.

तिने आपला मोबाईल कालव्यात फेकला होता. केस कानापर्यंत कापले. दुकानात पुढे कधी आली नाही. मागच्या खोलीत खिम्याच्या यंत्रावर बसायची आणि मागच्याच दाराने जायची. समोरच्या दातांच्या दवाखान्यात नवे दात बसवायला गेली तेवढीच काय ती रस्त्यावर. पैलवान तिला चिडवायचा, "ताई, तू आमच्या दुकानातलं भूत आहेस. गिऱ्हाईक विचारतं, खिमा कोण करतं? मी म्हणतो, आपोआप होतो."

"खिम्याला तरी माणसासारखी चव आली म्हणावं, तू करायचास तेव्हा चपलेसारखा लागायचा," ती म्हणायची. हळूहळू हसायला लागली होती. हसताना तोंडावर हात धरायची.

एका गोष्टीने तिचा जीव अडकला होता. आईचे फोटो. ते सगळे तिच्या जुन्या खात्यात होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. एका सुट्टीच्या दिवशी तिने साबणाने हात धुतले, पुसले आणि दुकानाच्या मोबाईलवर ते खातं उघडलं. आम्ही दोघी डोकं जोडून बघत बसलो. हौदापाशी बाह्या सरसावून उभी असलेली तिची आई, दात काढून हसणारी. मीही होते एका फोटोत, पाठमोरी.

तेच खातं नवऱ्याच्या घरच्या टीव्हीला जोडलेलं होतं. टीव्ही आणला तेव्हा हिनेच जोडून दिलं होतं, त्याला जमत नव्हतं म्हणून. मी म्हटलं, तोडून टाक.

"तोडलं तर टीव्ही बंद पडेल, मावशी. मग त्याला कळेल की ही कुठेतरी बसून खातं उघडते आहे. आत्ता त्याला वाटतंय मी विसरले. वाटू दे."

बाकी त्या खात्याची तिने सगळी दारं लावून घेतली. खाली खाली जाऊन बारीक अक्षरं वाचायची. तुमचं ठिकाण कळवू का? नको. तुम्ही काय शोधता ते लक्षात ठेवू का? नको. तुम्हाला आवडतील अशा जाहिराती दाखवू का? नको. एवढ्या वेळा नको म्हणताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी तिचा खांदा थोडा सैल व्हायचा.

मग नवा कायदा आला. कायद्यात वाईट काही नव्हतं. माणसाला विचारल्याशिवाय त्याची माहिती घेऊन त्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत, असा तो कायदा. झालं असं की, ज्यांनी आधी विचारलं होतं त्यांनीही सगळ्यांना नव्याने विचारायला घेतलं. जुने नकार गेले. मोबाईल उघडला की चौकोन यायचा. आपल्या खाजगीपणाची आम्हाला काळजी आहे, असं वर. खाली साबणाच्या वडीएवढं हिरवं बटण, सगळं मान्य. त्याच्याही खाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात, माझं मी निवडते.

तो चौकोन आला तो ऐन गर्दीत. मी गल्ल्यावर होते. गिऱ्हाईक दारापर्यंत, हॉटेलवाल्याची घंटी वाजतेय, पैलवानाचे हात कोपरापर्यंत लाल. त्याने मान पुढे काढली आणि नाक टेकवलं. घंटी काही उचलली गेली नाही. त्याने पुन्हा टेकवलं. तेव्हा उचलली गेली. आता नाक काचेला टेकलं की डोळ्यांना काही वाचता येत नाही, आणि नाक मुंगीएवढ्या अक्षरावर बसत नाही, ते वडीएवढ्या बटणावरच बसतं. पैलवान हॉटेलवाल्याला शिव्या घालत मांड्या तोडायला लागला. आम्हाला कोणालाच काही कळलं नाही.

कळलं ते भाचीने पुन्हा आईचे फोटो बघायला घेतले तेव्हा. तिचं बोट मध्येच थांबलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं तर रंग उडालेला.

"दादा," तिने हाक मारली. "इकडे ये. हे कोणी दाबलं?"

"काय दाबलं?"

"सगळं मान्य केलंय. ठिकाण चालू. जाहिराती चालू. खात्याला जोडलेल्या सगळ्या ठिकाणी चालू."

"दाबलं असेल नाकाने. मीच दाबलं असेल," पैलवान म्हणाला. "एवढं काय घाबरतेस? जाहिराती तर आहेत. दाखवू देत की साबण."

"साबण कुठला दाखवतील, दादा? इथला. इथल्या दुकानातला. आणि माझ्या खात्यावरून त्याच्या टीव्हीवर."

पैलवान सुरा पुसत होता. तो हात थांबला.

तिने सगळं पुन्हा बंद केलं. वर अक्षरं आली की, आपण संमती मागे घेतली आहे, हा बदल सर्वत्र लागू होण्यास काही दिवस लागू शकतात.

"दाबायला नाकाचा शेंडा पुरतो आणि काढायला दिवस लागतात?" पैलवान म्हणाला. "हा कुठला न्याय?"

तिने त्या कायद्याच्या कार्यालयाला फोन लावला. आवाज मोठा केला म्हणून आम्हीही ऐकलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"संमती खातेदारानेच दिली होती ना, ताई?"

"नाही. माझ्या भावाने. चुकून. नाकाने."

"कशाने?"

"नाकाने हो. त्याच्या हाताला रक्त होतं."

पलीकडे बटणं टकटकली. मग ती मुलगी म्हणाली, "तक्रारीत तसा पर्याय नाहीये ताई. मी 'इतर' मध्ये टाकते. महिन्याभरात उत्तर येईल."

"माझा नवरा मला मारून टाकेल. त्याला कुठला पर्याय आहे?"

"त्यासाठी पोलिसांचा वेगळा क्रमांक आहे. देऊ का?"

पोलिसांनी सांगितलं की, दातांचं ते तिकडच्या ठाण्यात नोंदवा, इथे काही घडलेलं नाही तोवर इथे काही लिहून घेता येत नाही.

भाचीने पिशवी भरायला घेतली. पैलवान दारात आडवा उभा राहिला. "कुठे जाशील? दुसरी मावशी आहे का तुला? आणि टीव्ही बघून कोणी बायको शोधायला येतं का? आला तर येऊ दे. मी काय इथे फुलं विकतो?"

ती थांबली. तिला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून थांबली. पैलवानाने त्या दिवशी दुकानातलं प्रत्येक पातं दगडावर घासलं, नको तेही घासलं.

तो आला भर दुपारी. गर्दी ओसरली होती. शाळेतल्या एक बाई काळजासाठी थांबल्या होत्या, तेवढंच गिऱ्हाईक. तो आत आला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही, कारण मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. सडसडीत, नीट भांग पाडलेला, शर्टाच्या बाह्या गुंडाळलेल्या. खांद्याला हत्यारांची पिशवी. मी त्याची नखं बघितली. सिमेंट होतं.

"मावशी, खिमा मिळेल?"

"खिमा संपला," मी म्हटलं.

"असं कसं? आतून यंत्राचा आवाज येतोय की. माझी बायको करते ना, चांगलाच करत असेल."

"इथे कोणाची बायको नाही. दुसरीकडे बघा."

तो हसला. आवाज अजिबात चढवला नाही. "दुसरीकडे बघूनच आलोय. मी नाही हो शोधलं तिला. शोधून शोधून थकलो होतो, सोडूनही दिलं होतं. मग आमचा टीव्हीच सांगायला लागला. आधी दातांचा दवाखाना. एका बैठकीत दात, मोकळेपणी हसा. मग चष्म्याचं दुकान. मग किल्लीवाला. सगळे एकाच रस्त्यावरचे. मी म्हटलं, या गावात मी कधी पाऊलही टाकलं नाही, मला का दाखवतोय हा? जेवता जेवता डोक्यात उजेड पडला. दात मला कशाला? मला माझे आहेत." त्याने दात दाखवले. "दवाखान्यात विचारलं. काही सांगितलं नाही त्यांनी, चांगली माणसं आहेत. म्हणून दुकान-दुकान करत आलो. किल्लीवाला सहज म्हणाला, खाटकाकडे मागे एक नवी बाई खिमा करते."

मागचं यंत्र थांबलं. तो आवाज थांबल्याचं त्यालाही ऐकू आलं.

पैलवान ओंडक्याआडून निघाला. "बाहेर हो," एवढंच म्हणाला. हातात सत्तूर होता, पण त्याने तो उगारला नाही. माणसावर उगारायची सवय नव्हती. समोरच्याला होती. पिशवीतून हात बाहेर आला तो लोखंडी हातोडी घेऊनच आला आणि पैलवानाच्या कानावर बसला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. पैलवान गुडघ्यावर आला. दुसरा घाव गळ्याच्या हाडावर. हाड मोडल्याचं मला कळलं, हाडाचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले आहे. पैलवान ओंडक्याखाली आडवा झाला, कानातून रक्त जमिनीवरच्या लाकडी भुशात उतरायला लागलं.

शाळेच्या बाई किंचाळून दाराबाहेर गेल्या. मी तराजूवरचं दोन किलोचं वजन उचललं आणि फेकलं. त्याच्या बरगडीत बसलं. तो वाकला, शिवी दिली, आणि सरळ झाला तो माझे केस धरूनच. हातोडी फळीवर ठेवली आणि पिशवीतून छिन्नी काढली. माझ्या गळ्याभोवती हात टाकून ती त्याने कानाखाली टेकवली. टेकवली म्हणजे रुतवली. गळ्यावरून गरम काहीतरी खाली पदरात उतरलं.

"ये बाहेर," त्याने मागच्या खोलीकडे बघत हाक दिली. "म्हातारी जड आहे गं, फार वेळ नाही धरवणार."

भाची आली. पुढे बांधलेल्या फडक्यावर खिमा चिकटलेला, हातात हाडं सोलायचा बारीक सुरा. तिने भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"टाक तो."

तिने सुरा टाकला. तो घसरत ओंडक्याकडे गेला.

"आता नीट ऐक. मी तुला ओढून नेलं असं मला नकोय. मागच्या वेळी तुला तुझ्या मामाकडून ओढून आणलं तर त्याने मला पोलिसात दिलं, ते म्हणाले बायकोची मर्जी पाहिजे. हल्ली सगळीकडे मर्जी लागते." त्याने डाव्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यासमोर धरला. "बोल. मी स्वतःच्या मर्जीने नवऱ्यासोबत घरी जातेय. माझ्यावर कोणाचा दबाव नाही."

"आधी मावशीला सोड."

छिन्नी आणखी आत गेली. माझ्या तोंडून आवाज निघाला, मला नको असताना निघाला.

ती बोलली. तोंडातल्या तोंडात.

"मोठ्याने. आणि तोंडावरचा हात काढ. नवे दात दिसू देत."

ती पुन्हा बोलली. मोठ्याने, स्पष्ट, एकेक शब्द. तोंडावर हात नव्हता. बोलताना ती नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती खाली, जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, खचली. मलाही खाली बघता आलं असतं तर कळलं असतं की पैलवानाचा हात भुशातून सरकत त्या सुऱ्यापर्यंत पोचला आहे.

"शाबास," तो म्हणाला आणि नीट उतरलंय का ते बघायला मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

आम्ही मेंढी टांगतो ती मागच्या पायाला. टाचेच्या वर एक जाड शीर असते, तिच्यामागून आकडा घालतात. ती शीर आख्ख्या जनावराचं वजन पेलते, पण आडवं पातं लागलं की संपली. पैलवानाला उठता येत नव्हतं, एका कानाने ऐकू येत नव्हतं, डावा हात मेलेला होता. त्याने उजव्या हाताने ती शीर शोधली आणि कापली. ताणलेली दोरी तुटावी तसा आवाज. एक नाही, लगेच दुसरी.

तो उभ्याचा खाली बसला. छिन्नी माझ्या गळ्यावरून खांद्यापर्यंत रेघ ओढत गेली आणि सुटली. त्याला कळेना काय झालं. उठायला बघत होता आणि पावलं घोट्यापासून लोंबत होती. मग ओरडायला लागला.

भाचीने फळीवरची हातोडी उचलली. त्याने हात वर केले. तिने त्या हातांवर मारलं. हात खाली पडले तर जमिनीवरच्या हातांवर मारलं. उजव्यावर आधी, मग डाव्यावर. बोटं, मनगट. तो तिचं नाव घेऊन रडत होता, गयावया करत होता, आईची शपथ घालत होता. डोक्याला तिने हातोडी लावली नाही. तोंडाजवळ एकदा नेली, त्याच्या दातांपाशी, आणि तशीच धरून उभी राहिली. त्याने तोंड गच्च मिटून घेतलं. श्वास घ्यायलाही उघडेना.

मी म्हटलं, "पोरी, पैलवान."

ती वळली. हातोडी टाकली, भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपलं फडकं त्याच्या कानाला दाबून धरलं.

शाळेच्या बाई पोलिसांना घेऊनच आल्या. साहेब दारात थबकले. आमच्या दुकानात रक्त कोणाचं आणि किती, हे सांगणं कठीणच होतं. नवऱ्याचा मोबाईल जमिनीवर पडलेला. साहेबांनी रुमालाने उचलला आणि त्यात जे होतं ते वाजवलं. मी स्वतःच्या मर्जीने नवऱ्यासोबत घरी जातेय. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाचीचाच आवाज, खणखणीत.

"बाई, तुम्ही तर इथे मर्जीने म्हणताय."

"म्हणतेय."

"मग याची ही अवस्था कशी?"

नवरा जमिनीवरून म्हणाला, "ऐका साहेब, ऐका. हो म्हणाली, आणि मग मला मारलं."

भाचीने भावाचं डोकं शाळेच्या बाईंच्या हातात दिलं. उठून माझ्याकडे आली, मला दंडाला धरून दाराच्या उजेडात नेलं आणि पदर बाजूला केला. "हे बघा साहेब. मी बोलत होते तेव्हा ती छिन्नी इथे होती. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला होता. मावशीचा गळा त्यात कुठून येणार?"

साहेबांनी गळा बघितला. खाली पडलेली छिन्नी बघितली. तिच्या टोकाला माझं कातडं होतं.

"मी दाराच्या कडेला होते," शाळेच्या बाई म्हणाल्या. "पळाले तरी मागे वळून बघत होते. तिला दोनदा बोलायला लावलं. मी कुठेही येऊन सांगेन."

गाडी आली. एका स्ट्रेचरवर पैलवान, दुसऱ्यावर तो. त्याचे हात छातीवर ठेवले होते, पिळलेल्या फडक्यासारखे. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. किल्लीवाला, चष्मेवाला, दवाखान्यातली माणसं, सगळे बाहेर आलेले. महिला पोलीस भाचीची माहिती लिहून घेत होती. पत्त्यापाशी आली तशी तिने आवाज एकदम खाली आणला.

"पत्ता गुप्त ठेवता येतो. तुम्ही हो म्हणालात तर आजच दुसऱ्या गावी निवारागृहात सोडते. याला पत्ता लागणार नाही."

"मी शोधीन," स्ट्रेचरवरून तो म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. "कुठेही जा."

पैलवान मान वळवून भाचीकडे बघत होता. एक कान बांधलेला, दुसऱ्याने ऐकायचा प्रयत्न करत होता. मला वाटलं, हो म्हणेल. म्हणाली असती तर मी अडवलं नसतं, माझ्याच हाताने पिशवी भरून दिली असती.

ती नवऱ्याच्या स्ट्रेचरपाशी गेली. इतकी जवळ की तिची सावली त्याच्या तोंडावर पडली.

"लिहा," ती म्हणाली. "दातांच्या दवाखान्यासमोरचं खाटकाचं दुकान. राहायला मागची खोली. तिचं दार मागच्या गल्लीत उघडतं." रस्त्याच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं असेल.

महिला पोलीस तिच्याकडे बघत राहिली. "लिहू ना? नक्की?"

"लिहा."

"आणि काम? काय लिहू, खिमा?"

"खाटीक लिहा," भाची म्हणाली. "भावाचा खांदा भरून येईपर्यंत पुढचा ओंडका माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडलं. जमीन मी धुतली होती, नवा भुसा टाकला होता. ती रस्त्याकडे तोंड करून ओंडक्यामागे उभी राहिली. पहिला घाव वेडावाकडा पडला, बरगडी तिरकी तुटली. गिऱ्हाईक म्हणालं, चालेल. ती म्हणाली, नाही चालणार, आणि दुसरी घेतली.